पाठीवरचं नाव

भाकरी तव्यावर टाकली होती, वरून पाण्याचा हात फिरवायचा होता, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून प्रेक्षकांचा मोठा गलका ऐकू आला. ईशान गेम खेळत होता. एमएलबी द शो, अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा व्हिडिओ गेम, २०२४ चा. लाकडी बॅटवर चेंडू नीट बसला की होणारा तो 'टक्क' आवाज आता मला स्वयंपाकघरातूनही ओळखता येतो. चेंडू नुसता घासून गेला की तो वेगळा वाजतो, टोकाला लागला की आणखी वेगळा. हा पूर्ण बसला होता. पाठोपाठ समालोचकाचा आवाज चढत गेला आणि त्यानं एक नाव घेतलं. डेव्हिस. मग पुन्हा, जरा खालच्या पट्टीत, डेव्हिस. गेले दोन-तीन दिवस हे नाव माझ्या कानावर पडत होतं, म्हणून सहज विचारलं, "हा डेव्हिस कोण रे? फारच मारतोय." ईशान पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मीच." "तू कसा डेव्हिस?" "आई, त्यांच्याकडे आपलं नाव नाहीये." एवढं बोलून तो पुढच्या चेंडूला लागला. मी मात्र हातात पाण्याची वाटी घेऊन दारात उभी राहिले. आत भाकरीला कोरड्या भेगा पडल्या.

जेवणं झाल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, दाखव मला. या गेममध्ये स्वतःचा खेळाडू घडवता येतो. नाक, भुवया, त्वचेचा रंग, बॅट धरायची ढब, सगळं आपण ठरवायचं. ईशाननं ते फार मन लावून केलं होतं. भुवया मंदारच्या, म्हणजे त्याच्या बाबाच्या, जाड आणि मध्ये जवळजवळ जुळलेल्या. हनुवटी माझ्या वडिलांची. हा मुलगा खालच्या लीगमध्ये आर्कन्सातून सुरुवात करून, ओमाहामार्गे, वसंताच्या सुट्टीतल्या आठ दिवसांत मुख्य लीगमधल्या कॅन्सस सिटी रॉयल्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे एक क्षेत्ररक्षक, झाला होता. तिथल्या कॉफमन स्टेडियमची कारंजी मागे उडताहेत, संध्याकाळचं तिरकं ऊन पडलंय, आणि तो पाठमोरा उभा. पाठीवर इंग्रजी सात अक्षरांत स्वच्छ लिहिलेलं: ढवळे. ते पाहून बरं वाटलं. इतक्यात स्टेडियममधल्या ध्वनिक्षेपकानं पुकारलं, डेव्हिस. आणि पाठीवर ढवळे असलेला मुलगा बॅट फिरवत होमप्लेटकडे, बॅटिंगच्या जागेकडे, चालू लागला.

ईशाननं समजावून सांगितलं. नावासाठी तिथं दोन रकाने असतात. एक टाइप करायचा, तो पाठीवर दिसतो. दुसरा यादीतून निवडायचा, तो समालोचक बोलतात. पहिल्या रकान्यात काहीही लिहा, कोणी अडवत नाही. दुसऱ्यात मात्र जे असेल तेच घ्यायचं. त्यानं यादी उघडून दाखवली. डीच्या ओळीत आम्ही दोघं खाली खाली सरकत गेलो. नावं कितीतरी, पण ढवळे नव्हतं, जवळपास जाणारंही काही नव्हतं. डेव्हिस का, म्हटलं, तर म्हणाला, "डीनं सुरू होतं ना."

मला कारण कळतं, आणि म्हणूनच ते आणखी लागतं. या गेममध्ये जॉन शियांबी आणि ख्रिस सिंगल्टन यांचे आवाज आहेत, दोघंही खरे समालोचक. गेमसाठी ते बंद खोलीत बसून वाक्यं बोलतात, आडनावं सुटी सुटी बोलतात, तीही वेगवेगळ्या सुरांत. चेंडू हवेत असताना लागतो तो चढता सूर, बाद झाल्यावरचा उतरता. मग यंत्र ते तुकडे वेळेवर जोडतं. म्हणजे आपलं नाव त्या गेममध्ये ऐकू यायचं, तर आधी कुणीतरी माणसानं, तोंड उघडून, एकदा तरी ते उच्चारलेलं असावं लागतं. यंत्राच्या पोटात जे नाव पुकारलं जातं, त्यामागे एक खरा घसा असतो. ढवळे हा शब्द त्या खोलीत कधी कुणी बोललंच नाही.

त्या रात्री मंदारला म्हटलं, तर तो म्हणाला, "गेम आहे गं, सोड." पण मंदारनं असं म्हणावं याचं नवल वाटलं. नावांची ही भानगड मला पहिल्यांदा दाखवली ती त्यानंच.

२००६ साली लग्न होऊन मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला आले तेव्हा मंदारकडे एक जुना, जोरात घरघरणारा संगणक होता आणि त्यावर एमव्हीपी बेसबॉल २००५. मुखपृष्ठावर मॅनी रामिरेझ. मंदार आणि त्याचे दोन जुने रूममेट शनिवारी रात्री वरण-भात खाऊन त्यापुढे बसत. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली, त्यामुळे नियम समजावण्याची वेळ कुणावर आली नाही. चेंडू टाकायला तीनदा कळ दाबायची: एकदा सुरुवात, एकदा जोर, एकदा नेम. आणि बॅटिंग करताना पिचरच्या हातातून चेंडू सुटतानाच त्याला क्षणभर रंग यायचा, त्यावरून तो वळणार की सरळ येणार हे ताडायचं. पहिल्या रात्री मी सॅन फ्रान्सिस्को जायंट्स घेतले, कारण मंदार त्यांच्या बॅरी बॉन्ड्स या फलंदाजाबद्दल फार बोलत असे. संघाच्या यादीत बॉन्ड्स नव्हताच. लेफ्ट फील्डला जॉन डाउड नावाचा गोरा खेळाडू उभा होता. "हाच बॉन्ड्स," मंदार म्हणाला. खेळाडूंच्या संघटनेच्या सामायिक परवान्यातून बॉन्ड्स बाहेर पडला होता, त्यामुळे गेमवाल्यांना त्याचं नाव वापरता येईना, चेहराही वापरता येईना. मग त्याची ताकद तेवढी ठेवली आणि ती दुसऱ्याच माणसाच्या अंगात घातली. एका मोसमात ७३ होमरन, म्हणजे कुंपणापार फटके, मारलेले ते मनगट, आणि वर परक्याचं नाव.

टीव्हीवर जायंट्सचे सामने सांगणारे ड्युएन कायपर आणि माइक क्रुकोव हेच दोघे या गेममध्येही बोलत. त्यामुळे संध्याकाळी टीव्हीवर त्यांच्या तोंडून बॉन्ड्स ऐकायचं आणि रात्री त्याच आवाजात, त्याच मैदानावर, ते नाव मात्र कधी यायचं नाही. नव्या घरात, नव्या देशात, मला ते फार विचित्र वाटायचं. तेव्हा माझीही कागदपत्रं चालली होती. पासपोर्टवर माहेरचं नाव, व्हिसावर तेच, बँकेत सासरचं. मीही संगणकासमोर बसून दोन नावांमध्ये उभी होते. ऑगस्ट २००७ मध्ये बॉन्ड्सनं ७५६ वा होमरन मारला आणि हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम मोडला, ते आम्ही त्याच खोलीत पाहिलं. बॉन्ड्सबद्दल लोकांची मतं तेव्हाही टोकाची होती, आजही आहेत, त्यात मला पडायचं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या रात्री मंदारच्या रूममेटनं टीव्ही बंद करून गेम लावला आणि जॉन डाउडच्या हातून एक होमरन मारून दाखवला. कुणी काही बोललं नाही.

पुढे ती मालिका थांबली, परवाने दुसऱ्या कंपनीकडे गेले. पण संगणकावरच्या त्या जुन्या गेममध्ये हौशी लोक वर्षानुवर्षं नवे संघ आणि नवे खेळाडू भरत राहिले. कुणी पैसे देत नाही, कुणी सांगितलेलं नाही. एकेक नाव टाइप करायचं, एकेकाचा चेहरा बसवायचा. मला या माणसांबद्दल फार आपुलकी वाटते.

बेसबॉलच्या गेमना नावांचा हा जुनाच जाच आहे, हे नंतर वाचत गेले तेव्हा कळलं. निन्टेन्डोवरच्या जुन्या आर.बी.आय. बेसबॉलमध्ये खेळाडूंची नावं खरी होती, पण संघांची नव्हती, कारण परवाना खेळाडूंच्या संघटनेचा होता, लीगचा नव्हता. १९९४ च्या, केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूच्या नावानं निघालेल्या गेममध्ये नेमकं उलटं: संघ सगळे खरे आणि खरं नाव एकट्या ग्रिफीचं. बाकीचे शेकडो खेळाडू टोपणनावाखाली. आकडे खऱ्यांचे, नावं रचलेली. ती बदलता येत, म्हणून मुलं जमिनीवर बेसबॉलची कार्डं पसरून एकेक अक्षर निवडत खरी नावं भरत बसायची. १९९५ मध्ये जपानमध्ये फायटिंग बेसबॉल नावाचा गेम आला, त्यात तर खेळाडूंची नावं कुणीतरी अमेरिकन वाटतील अशी रचून घातली होती. स्लीव मॅकडायकल. बॉबसन डगनट. टॉड बोन्झालेझ. माइक ट्रक. ईशाननं ती यादी मला वाचून दाखवली आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग माझ्या मनात आलं, तिकडे तोक्योत किंवा ओसाकात एखादा माणूस रात्री उशिरा बसून 'अमेरिकन नाव कसं वाजतं' याचा मनापासून विचार करत असणार. त्याला ती नावं बरोबर वाटली असणार. आमच्या गल्लीतली शेजारीण मला गेली सहा वर्षं ज्या नावानं प्रेमानं हाक मारते, ते नावही असंच तिच्या कानानं घडवलेलं आहे. मी त्याला ओ देते, आणि आताशा ते मला माझंच वाटतं.

हे सगळं मनात घोळत असताना एक जुना कागद आठवत राहिला.

जळगावला आमच्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता. महाराष्ट्रात हा खेळ शाळांमधून किती खेळला जातो हे खेळलेल्यांनाच माहीत. मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात त्याला एवढ्या भेगा पडायच्या की चेंडू भेगेला लागून कुठेही उसळायचा. मी शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा, जिथं जोराचे, जमिनीलगतचे चेंडू सगळ्यात जास्त येतात. ग्लोव्ह कमी, म्हणून बाजू बदलली की आपल्या हातातला ग्लोव्ह जागेवरच मातीत ठेवून यायचं. समोरच्या संघाची शॉर्टस्टॉप येऊन तोच घालायची. नंतर आपण परत गेलो की आतून तो तिच्या घामानं ओलसर आणि गरम असायचा. पहिल्यांदा मला किळस आली होती, मग सवय झाली, मग आवडायला लागलं. एकदा धुळ्याच्या एका मुलीनं ग्लोव्हच्या आत अंगठ्याच्या जागी कापसाचा बोळा ठेवला होता, मला दुखू नये म्हणून की स्वतःला, ते कळलं नाही. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही सगळ्या नंबरच होतो. "सात नंबर, पुढे ये." मी सात नंबर.

नववीत आम्ही राज्य पातळीवर गेलो. घरी परत आल्यावर काही महिन्यांनी प्रमाणपत्रं आली. जाड कागद, कडेला सोनेरी वेलबुट्टी, मध्ये शाईच्या सुबक अक्षरात 'कु.' आणि माझं पहिलं नाव, वडिलांचं नाव, आणि आडनावाच्या जागी पाटील. मी पाटोळे. खान्देशात पाटील इतके, की लिहिणाऱ्याचा हात 'पाटो' लिहिण्याऐवजी आपोआप 'पाटी'वर गेला असणार. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "राहू दे गं, पाटील काय वाईट आहे?" वडील ते घेऊन दोनदा कचेरीत जाऊन आले. अर्ज द्या, प्रतिज्ञापत्र जोडा, मुख्याध्यापकांचं पत्र आणा. तिसऱ्या खेपेला त्यांची रजा शिल्लक नव्हती. ते प्रमाणपत्र आईच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली आहे. तिथं महाराष्ट्राच्या एका सामन्यात कुणी एक पाटील शॉर्टस्टॉपला खेळली, अशी नोंद आहे. ती तिसऱ्या डावात डाव्या बाजूला झेपावली होती, तिच्या गुडघ्याला खरचटलं होतं, तो वण माझ्या गुडघ्यावर आहे.

पण त्या सामन्यांतला एक आवाजही माझ्याजवळ आहे. वडिलांना आकाशवाणीवरच्या मराठी धावत्या वर्णनाचं वेड. बाळ ज. पंडितांचा आवाज त्यांच्या तरुणपणात घराघरांत होता. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर ही नावं त्या आवाजात कशी सहज, न अडखळता यायची, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. इंग्रजी समालोचनात तीच नावं ऐकली की ते म्हणत, "नाव घ्यावं तर घरच्यासारखं." जळगावातल्या सामन्यांना ते सायकलवरून येत, कुंपणापाशी उभे राहत, आणि शेजारच्या चहावाल्याला ऐकू जाईल इतपत आवाजात वर्णन करत: "पाटोळे आल्या आहेत. उन्हाची तमा नाही. चेंडू हातातून सुटला... आणि पाटोळेंनी तो सोडून दिला, छान सोडला." मला ऐकू यायचं. मैत्रिणींनाही ऐकू यायचं, आणि मी लाजून वडिलांना खुणेनं गप्प करायची. आज वाटतं, माझ्या वाट्याला नेमकं ईशानच्या उलट आलं. माझ्या कागदावर चुकीचं नाव, पण कुंपणापलीकडून येणारा आवाज बरोबर. त्याच्या पाठीवर बरोबर नाव, आणि आवाज परक्याचा.

आमची आजी तर नाव घेतच नसे. आजोबांचं नाव पंढरीनाथ. त्यामुळे तिला पंढरपूर म्हणता येत नसे. ती "विठोबाचं गाव" म्हणायची. वारीची गोष्ट सांगतानासुद्धा. हळदीकुंकवाला बायकांनी फारच गळ घातली की एक ठरलेला उखाणा म्हणायची, आणि नावाच्या ठिकाणी येऊन थांबायची, पदर तोंडाला लावायची, मग इतक्या हळू बोलायची की शेजारचीलाच ऐकू जायचं. नाव उच्चारणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, हे मी तिच्या त्या थांबण्यावरून शिकले. ते तिच्या तोंडी फार मौल्यवान होतं, म्हणून ती जपून ठेवायची. त्या थांबण्यात जाचही होताच, हे आता या वयात दिसतं. दोन्ही खरं आहे.

याच गेममध्ये आणखी एक भाग आहे, आणि तो नसता तर कदाचित मी डेव्हिसवर नुसती रागावून बसले असते. स्टोरीलाइन्स नावाचा. जेव्हा काळ्या खेळाडूंना मुख्य लीगमध्ये खेळू देत नव्हते, तेव्हाच्या नीग्रो लीग्जमधल्या खेळाडूंच्या हकिकती. आता आम्ही राहतो त्या कॅन्सस सिटीतच नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम आहे, अठरावी आणि व्हाइन या रस्त्यांपाशी. त्याचे अध्यक्ष बॉब केंड्रिक गेममध्ये स्वतः येऊन एकेकाची गोष्ट सांगतात आणि मग तो प्रसंग आपण खेळायचा. त्या सांगण्याला फड रंगवण्याची लय आहे. आदल्या वर्षीच्या गेममधला सॅचेल पेज, ज्याचं खरं नाव लेरॉय. लहानपणी स्टेशनवर लोकांच्या पिशव्या वाहायचा म्हणून पिशवी हेच त्याचं नाव झालं. १९४८ मध्ये मुख्य लीगमध्ये पहिला चेंडू टाकला तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. जॉश गिब्सन, ज्याला ते दार उघडलेलं पाहायलाच मिळालं नाही. १९४७ च्या जानेवारीत तो गेला, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मुख्य लीगच्या मैदानात उतरला. २०२४ च्या मे महिन्यात या लीग्जचे आकडे मुख्य नोंदींत धरले गेले आणि फलंदाजीच्या .३७२ सरासरीनं गिब्सन सर्वकाळच्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसला. जिथं धावपत्रकं सापडली तिथले आकडे. जिथं कुणी लिहूनच ठेवलं नाही, त्या दुपारी गेल्या.

आणि टोनी स्टोन. बाईनं पुरुषांच्या संघात दुसरा बेस सांभाळायचा, तोही १९५३ साली, इंडियानापोलिस क्लाउन्सकडून. आदल्या वर्षी त्याच संघातून तरुण हँक ॲरन पुढे गेला होता. तिला स्कर्ट घालून खेळ म्हणाले, तिनं घातला नाही. पुढच्या वर्षी ती आमच्या गावच्या मोनार्क्स या संघाकडे आली. सॅचेल पेजच्या चेंडूवर आपण एकदा हिट मारली, हे ती आयुष्यभर आनंदानं सांगत असे. तिचं जन्मनाव मार्सिनिया. लहानपणी लोक टॉमबॉय म्हणून चिडवायचे, आणि टोनी हे नाव तिनं स्वतः घेतलं. त्या शनिवारी ईशानकडून कंट्रोलर घेऊन मी तिच्याकडून खेळले. डाव्या अंगठ्यानं छोटं वर्तुळ सरकवत चेंडूखाली न्यायचं आणि जेमतेम अर्ध्या सेकंदात ठरवायचं, मारायचा की सोडायचा. पहिले सात-आठ वेळा मी सगळंच मारत सुटले. नवव्यांदा चेंडू नीट बसला आणि कंट्रोलर माझ्या तळव्यात थरथरला. तेवढ्यानं माझे तळवे घामेजले, तीस वर्षांपूर्वीच्या ग्लोव्हसारखे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं म्युझियमला गेलो. आत शिरताना समोर एक बेसबॉलचं मैदान दिसतं, त्यावर आपापल्या जागी उभे असलेले ब्राँझचे खेळाडू. पिचरच्या जागी पेज, कॅचरच्या जागी गिब्सन. पण मध्ये जाळी आहे, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी, कारण काळ्या प्रेक्षकांना अशाच जाळीआड बसवत असत. मैदानात पाऊल टाकायचं तर आधी सगळा इतिहास चालून यावा लागतो. ईशान खूप वेळ चालला. फोटोंखालच्या पाट्या वाचत होता, आणि मध्येच ओरडला, "हा माझ्या टीममध्ये आहे!" शेवटी मैदानात पोचल्यावर तो गिब्सनच्या मागे पंचासारखा वाकून उभा राहिला आणि पेजकडे बघत बसला. परतताना गाडीत म्हणाला, "आई, या सगळ्यांची नावं गेममध्ये नीट बोलतात." मी हो म्हटलं. "त्यासाठी किती वर्षं लागली?" मंदारनं गाडी चालवता चालवता आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मग मला वाटलं, मी उपाय सुचवावा. त्या रात्री म्हटलं, समालोचनच बंद कर ना. नुसता बॅटचा आवाज, लोकांचा आवाज, पाठीवर ढवळे, झालं. किंवा नावाऐवजी नंबर घे. ईशाननं जरा विचार केला. मग म्हणाला, "नको. मग ते माझ्याबद्दल बोलणारच नाहीत." मी गप्प झाले. तेरा वर्षांच्या मुलानं हे तोलून ठरवलं होतं. नाव परक्याचं चालेल, पण तो चढता सूर हवा, चेंडू कुंपणापार जाताना कुणाच्या तरी आवाजात येणारी ती लगबग हवी. मला त्याचं म्हणणं पटलं नाही. ते खोटंही म्हणता येईना. फ्रीमॉन्टमधली शनिवारची रात्र आठवली, शेजारणीनं घडवलेलं माझं नाव आठवलं, आणि मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आत गेले.

मे महिन्यात त्याच्या खऱ्या संघाचा सामना होता. इथल्या गावच्या मैदानावर एक छोटी लाकडी टपरी आहे, वर दोन भोंगे, आणि मुलांपैकी कुणाचे तरी वडील नावं पुकारतात. सामन्याआधी एक उंच, उन्हानं लाल झालेले गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन आमच्याकडे आले. नाव कसं म्हणायचं, विचारलं. मी म्हटलं, ढवळे. त्यांनी म्हटलं, "दावाले?" मी पुन्हा म्हटलं. ढ कसा काढायचा ते मी छातीवर हात ठेवून दाखवलं. ळ साठी जीभ मागे वळवून दाखवली, भर मैदानात, आणि त्यांनीही वळवून पाहिली. कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरांत काहीतरी खुणा केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. जाताना पाठमोरे होऊन स्वतःशी म्हणत गेले.

दुसऱ्या डावात ईशान बॅटिंगला आला. भोंगा खरखरला, थोडा थांबला. त्या थांबण्यात मला आजी आठवली. मग आलं: नंबर सात, शॉर्टस्टॉप, आणि आमचं आडनाव. ढ चा द झाला होता, ळ मात्र कुठेतरी ल आणि र यांच्या मध्ये, धडपडत, पण मला ओळखता येईल इतका जवळ. ईशाननं हेल्मेटखालून मान वर करून टपरीकडे पाहिलं. शेजारी मंदारनं फोन वर धरला होता. जळगावला तेव्हा रात्र होऊन गेली होती, तरी वडील जागे होते, व्हिडिओवर त्यांचा चष्मा तेवढा चमकत होता. ते काहीतरी बोलत होते. वाऱ्यात नीट ऐकू येईना, मी फोन कानाशी नेला. "ढवळे सज्ज आहेत," वडील हळू आवाजात म्हणत होते, "चेंडू बाहेर... सोडला. छान सोडला." ईशाननं बाहेरचे चार चेंडू सोडले, तेवढ्यावर त्याला पहिला बेस मिळाला, आणि बॅट खाली ठेवून तो तिकडे चालत गेला.

रात्री जेवणं उरकल्यावर बाहेरच्या खोलीत गेम सुरू झाला. भांडी आवरताना तिकडून आवाज आला, टक्क, आणि पाठोपाठ तो चढता सूर. मी हात पुसत दारात गेले आणि ईशानला आवाज जरा वाढव म्हटलं.